घटक ५ : चाहत्यांची संमेलने आणि शेजारचा लेखक

५.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला
• साहित्यव्यवहारात वाचकांच्या संघटित सहभागाचे स्वरूप सांगता येईल;
• 'चाहता', 'रसिक', 'सभासद', 'सहभागी' या संज्ञांमधील अर्थच्छटा उदाहरणांसह स्पष्ट करता येतील;
• आपल्या परिसरातील एखाद्या लेखकाच्या पुस्तकाची दखल जबाबदारीने घेता येईल.

५.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण लेखक, प्रकाशक, ग्रंथविक्रेता आणि समीक्षक यांच्या परस्परसंबंधांचा विचार केला. त्या विवेचनात वाचक सगळ्यात शेवटी आला. पुस्तक तयार होते, दुकानात येते, मग वाचक ते विकत घेतो, अशी ती मांडणी होती. ती चुकीची नाही. परंतु अपुरी आहे. काही वाङ्मयप्रकार असे आहेत, की ज्यांचा वाचक केवळ घेणारा राहिला नाही. त्याने स्वतः नियतकालिके काढली, संमेलने भरवली, पुरस्कार दिले आणि आपल्याच गावातल्या होतकरू लेखकाला संपादकाच्या दारापर्यंत पोचवले. विज्ञानकथा हे त्याचे ठळक उदाहरण होय. म्हणून या घटकात आपण प्रथम अमेरिकेत जाऊ आणि नंतर आपल्याकडे येऊ.

तुम्ही हा घटक बहुधा दिवसभराचे काम उरकल्यावर, एकट्याने वाचत असाल. एकट्याने वाचणाऱ्या माणसाला आपल्यासारखा दुसरा कोणी आहे का, हा प्रश्न पडतोच. या घटकातील सगळी हकीकत त्या प्रश्नातूनच सुरू होते.

५.३ पत्त्यांचा स्तंभ

एप्रिल १९२६ मध्ये ह्यूगो गर्न्सबॅक या संपादकाने न्यूयॉर्कमधून 'अमेझिंग स्टोरीज' हे केवळ विज्ञानकथांना वाहिलेले मासिक सुरू केले. त्यात वाचकांची पत्रे छापली जात आणि पत्रलेखकाच्या नावाखाली त्याचा संपूर्ण पत्ताही छापला जाई. ही गोष्ट वरवर पाहता किरकोळ आहे. पण तिचा परिणाम असा झाला, की वाचक संपादकाला पत्र लिहिण्याऐवजी एकमेकांना लिहू लागले. दूरदूरच्या गावांत राहणारे, घरच्यांच्या दृष्टीने 'भलतेच काहीतरी' वाचणारे हे तरुण पत्रांतून एकत्र आले. त्यांतील एकाच शहरात राहणाऱ्यांची मंडळे झाली. १९३४ मध्ये गर्न्सबॅकनेच आपल्या दुसऱ्या मासिकामार्फत अशा मंडळांची एक संघटना उभी केली. तिची लॉस एंजेलिसमधील शाखा पुढे स्वतंत्र संस्था म्हणून नांदू लागली. तिची बैठक गुरुवारी एका खाणावळीत भरत असे.

मंडळे झाल्यावर एकमेकांच्या गावी जाणे आलेच. ऑक्टोबर १९३६ मध्ये न्यूयॉर्कचे काही चाहते फिलाडेल्फियाच्या चाहत्यांना भेटायला गेले. जानेवारी १९३७ मध्ये इंग्लंडमध्ये लीड्स येथे सभा भरली. तिला जेमतेम वीसएक माणसे असतील. त्यांत आर्थर सी. क्लार्क हा तरुण होता. या दोहोंपैकी पहिले संमेलन कोणते, यावर आजही वाद घातला जातो. आपण त्यात पडण्याचे कारण नाही. मोठे म्हणावे असे पहिले संमेलन २ ते ४ जुलै १९३९ या काळात न्यूयॉर्कमध्ये भरले. त्याच वर्षी त्या शहरात जागतिक प्रदर्शन चालू होते, म्हणून संमेलनालाही 'जागतिक' हे विशेषण लावण्यात आले. उपस्थिती सुमारे २०० होती. या संमेलनांच्या मालिकेलाच आज 'वर्ल्डकॉन' म्हणतात.

५.४ बसमधून आलेला तरुण

त्या संमेलनाला लॉस एंजेलिसहून रे ब्रॅडबरी आला होता. वय १८. रस्त्याच्या कोपऱ्यावर वर्तमानपत्रे विकून तो चार पैसे मिळवीत असे. खंडाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाण्याचे भाडे त्याच्याजवळ नव्हते. ते त्याला फॉरेस्ट अ‍ॅकरमन या आपल्याच मंडळातील चाहत्याने उसने दिले. बसने कित्येक दिवसांचा प्रवास करून तो न्यूयॉर्कला पोचला.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट पुढे आहे. ब्रॅडबरीच्या सामानात हॅनेस बोक या चित्रकार मित्राची चित्रे होती. बोकला स्वतःला येणे शक्य नव्हते. ब्रॅडबरी ती चित्रे घेऊन संपादकांना भेटला. 'विअर्ड टेल्स' या मासिकाचे संपादक फार्न्सवर्थ राइट यांना ती आवडली आणि डिसेंबर १९३९ च्या अंकाच्या मुखपृष्ठावर बोकचे चित्र झळकले. स्वतः ब्रॅडबरीची तोपर्यंत एकही कथा पैसे देऊन कोणी घेतली नव्हती. त्याची पहिली मोबदला मिळालेली कथा, तीही हेन्री हॅसी या मंडळातल्याच लेखकासमवेत लिहिलेली, नोव्हेंबर १९४१ मध्ये प्रसिद्ध झाली. म्हणजे आपले दार उघडण्याच्या दोन वर्षे आधी त्याने मित्रासाठी दार ठोठावले होते.

पुढची हकीकतही याच धर्तीची आहे. ली ब्रॅकेट ही त्याच परिसरातील, वयाने थोडी मोठी लेखिका. हे दोघे रविवारी समुद्रकिनाऱ्यावर बसून एकमेकांची हस्तलिखिते वाचत. १९४० च्या दशकाच्या मध्यावर ब्रॅकेट एक दीर्घकथा लिहीत असताना तिला 'द बिग स्लीप' या चित्रपटाची पटकथा लिहिण्याचे बोलावणे आले. तेव्हा अर्धी राहिलेली कथा तिने ब्रॅडबरीच्या हाती सोपवली. त्याने ती पूर्ण केली आणि १९४६ मध्ये दोघांच्या नावे ती छापून आली. हेन्री कटनर या लेखकाने ब्रॅडबरीच्या एका कथेचा शेवटही स्वतः लिहून दिला. मात्र हाच कटनर त्याच्या फुलोऱ्याच्या भाषेवर कठोर बोट ठेवण्यातही मागे राहिला नाही. सहकारी लेखकाला मदत करणे म्हणजे त्याची पाठ थोपटणे एवढेच नव्हे, हे या उदाहरणावरून ध्यानात घ्या. आपल्याकडे प्रकाशन समारंभात 'दमदार लेखन', 'आश्वासक कवी' असे शिक्के ज्या सढळपणे उमटवले जातात, त्याने लेखकाचे काडीचेही भले होत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

या तरुणांकडे साधने कोणती होती? एक टंकलेखनयंत्र आणि प्रती काढण्याचे हातयंत्र. त्यांवर त्यांनी हौसेची नियतकालिके काढली. ब्रॅडबरीनेही १९३९ मध्ये असे एक नियतकालिक सुरू केले. त्यासाठी अ‍ॅकरमनने पदरमोड केली आणि मुखपृष्ठावर चित्र बोकचे होते. चारच अंक निघाले. मराठीतील अनियतकालिकांच्या चळवळीचा अभ्यास तुम्ही केला आहे. साठच्या दशकातील ती चक्रमुद्रित पाने आणि हे अंक यांची तुलना उद्बोधक ठरेल. हेतू मात्र भिन्न होते, हे विसरू नका. मराठी अनियतकालिकांना प्रस्थापितांशी भांडायचे होते. अमेरिकेतील या मुलांना आपल्या आवडीचे माणूस शोधायचे होते.

स्वयं-अध्ययन प्रश्न १ : वाचकांच्या पत्रांखाली पत्ता छापण्याचा परिणाम काय झाला? तुमच्या पाहण्यातील एखाद्या नियतकालिकाने वाचकांना अशा रीतीने जोडले आहे काय? (सुमारे १०० शब्द)

५.५ दारावर अडवलेले सहाजण

हे सगळे वाचून तुमची समजूत होईल, की चाहत्यांचे जग म्हणजे गोडीगुलाबीचे गोकुळ. तसे नव्हते. १९३९ च्या त्याच संमेलनात आयोजकांनी प्रतिस्पर्धी गटातील सहा तरुणांना दारातच अडवले. ते डाव्या विचारांचे होते आणि आत येऊन पत्रके वाटतील, अशी आयोजकांना भीती होती. या सहाजणांत फ्रेडरिक पोल, डोनाल्ड वोल्हाइम आणि सिरिल कॉर्नब्लुथ होते. हे तिघेही पुढे या वाङ्मयप्रकारातील महत्त्वाचे लेखक-संपादक झाले. त्यांच्याच गटातील १९ वर्षांचा आयझॅक अ‍ॅसिमॉव्ह मात्र आत जाऊन बसला. बाहेर मित्र आणि आत आपण, ही अवस्था त्याला सुखाची वाटली नसणार.

संमेलन कोण बोलावतो आणि दारावर कोण उभा असतो, हा प्रश्न मराठी साहित्याच्या विद्यार्थ्याला नवा नाही. न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने मे १८७८ मध्ये पुण्यात ग्रंथकारांचे पहिले संमेलन भरले. १८८५ च्या दुसऱ्या संमेलनाचे निमंत्रण महात्मा फुले यांनी नाकारले आणि नकाराची कारणे पत्राने कळवली. दोन्ही घटनांतील भेद नीट पाहा. न्यूयॉर्कमध्ये येऊ इच्छिणाऱ्याला अडवले गेले; पुण्यात निमंत्रित माणसानेच येण्याचे नाकारले, कारण ज्या सभेत बहुजनांच्या दुःखाला जागा नाही तेथे नुसत्या खुर्चीला अर्थ नाही, अशी त्यांची भूमिका होती. न्यूयॉर्कचे भांडण गटांचे होते, पुण्यातील प्रश्न समाजरचनेचा होता. दोहोंना एकाच मापाने मोजणे योग्य होणार नाही. परंतु पुढे १९५८ मध्ये मुंबईत दलित साहित्य संमेलन भरले, त्याचे उद्घाटन अण्णा भाऊ साठे यांनी केले आणि त्यानंतर मराठीत अनेक समांतर संमेलने उभी राहिली, या साऱ्याचा उगम त्या नकारापर्यंत मागे नेता येतो.

५.६ शब्दांची कहाणी

भाषेच्या अभ्यासकाला या संमेलनांत आणखी एक खजिना सापडतो, तो शब्दांचा. 'फॅन' हा इंग्रजी शब्द 'फॅनॅटिक' म्हणजे माथेफिरू या शब्दाचे लघुरूप मानला जातो आणि अमेरिकेत तो बेसबॉलच्या प्रेक्षकांसाठी रूढ झाला. विज्ञानकथेच्या चाहत्यांनी त्याचे अनेकवचनच बदलले. 'मॅन'चे 'मेन', तर 'फॅन'चे 'फेन'! सादृश्यातून रूपे कशी घडतात, हे आपण भाषाविज्ञानाच्या घटकात पाहिले. त्याचे याहून गमतीचे उदाहरण शोधून सापडणार नाही. हौसेच्या नियतकालिकाला 'फॅन्झीन' हे नाव १९४० मध्ये लुई रसेल शोव्हने या चाहत्याने दिले. तो शब्द पुढे इंग्रजीच्या कोशांत गेला. मोबदला न घेता केलेल्या कामाचे जे कौतुक होते, त्याला 'इगोबू' म्हणत. चाहत्यांच्या गाण्यांना 'फिल्क' हे नाव मिळाले ते 'फोक' हा शब्द टंकताना झालेल्या चुकीमुळे. चूक सर्वांना आवडली आणि ती संज्ञा होऊन बसली.

आता मराठीकडे वळू. 'चाहता' हा 'चाहणे' या क्रियापदापासून आलेला शब्द. त्यात प्रेम आहे, माथेफिरूपणा नाही. महाविद्यालयातील मुले विनोदाने 'मी तुमचा पंखा आहे' म्हणतात, तो श्लेष आपल्या भाषेने इंग्रजीवर उगवलेला सूड समजावा. 'रसिक' या शब्दाला मोठी परंपरा आहे. संस्कृत काव्यशास्त्रातील 'सहृदय' म्हणजे ज्याचे हृदय कवीच्या हृदयाशी समान झाले आहे असा वाचक. ही कल्पना उदात्त आहे. तथापि या रसिकाला बसण्याची जागा ठरलेली आहे : तो समोर बसतो, आस्वाद घेतो, दाद देतो. सतरंज्या तो घालत नाही.

वर्ल्डकॉनमध्ये शब्द निराळा आहे. तेथे तिकीट काढतात असे म्हणत नाहीत. सभासद होतात असे म्हणतात. हा केवळ शिष्टाचार नव्हे. संमेलन चालवणारे स्वयंसेवक असतात. पुढचे संमेलन कोठे भरावे, हे सभासदांच्या मतांनी ठरते. १९५३ मध्ये सुरू झालेले 'ह्यूगो' पुरस्कारही सभासदांच्याच मतांनी दिले जातात. बेलफास्टच्या वॉल्ट विलिस या हौशी लेखकाला १९५२ च्या शिकागो संमेलनाला येता यावे म्हणून अमेरिकेतील चाहत्यांनी वर्गणी गोळा केली. त्यातून पुढल्या वर्षी अटलांटिकपलीकडच्या चाहत्यांची ने-आण करणारा कायमचा निधी उभा राहिला.

जपानमध्ये हाच विचार आणखी एक पाऊल पुढे गेला. २१ डिसेंबर १९७५ रोजी टोकियोत 'कॉमिकेट' हा हौशी चित्रकथाकारांचा बाजार प्रथम भरला. त्यात ३२ गट आपापली स्वतः छापलेली पुस्तके घेऊन बसले होते; येणारे सुमारे ७०० असावेत. आज तेथे लाखोंची गर्दी लोटते. तरी आयोजकांचा आग्रह कायम आहे, की येथे कोणी 'ग्राहक' नाही. विकणारा, घेणारा आणि व्यवस्था पाहणारा हे तिघेही 'सहभागी' होत. रांगेत उभे राहणे हेदेखील सहभागाचे काम आहे, असे तेथे मानले जाते.

स्वयं-अध्ययन प्रश्न २ : 'रसिक' आणि 'सभासद' या शब्दांतून वाचकाच्या भूमिकेविषयी कोणत्या वेगवेगळ्या अपेक्षा व्यक्त होतात?

५.७ आपल्या अंगणात

मराठीत विज्ञानकथेच्या चाहत्यांची अशी मोठी संमेलने उभी राहिली नाहीत. मात्र एका लेखकाचा उदय आपल्या विषयाशी थेट जोडलेला आहे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा पहिली आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. हे नाव डॉ. जयंत विष्णू नारळीकर यांनी आपल्याच आद्याक्षरांचा क्रम उलटवून घेतले होते. आपल्या कीर्तीचा परीक्षकांवर प्रभाव पडू नये, ही त्यामागील दक्षता. पुढे १९७५ च्या कराड साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी त्यांच्या विज्ञानकथालेखनाची व्यासपीठावरून अनुकूल दखल घेतली. अध्यक्षीय व्यासपीठाचा नव्या लेखकासाठी याहून चांगला उपयोग क्वचितच झाला असेल. २०२१ मध्ये नाशिकच्या ९४ व्या संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडेच आले.

परंतु अखिल भारतीय संमेलनाचा विस्तार एवढा आहे, की तेथे तालुक्याच्या गावचा कवी हरवून जातो. त्याची कविता निमंत्रितांच्या यादीत नसते आणि कविकट्ट्यावर त्याला मिळतात ती मोजकी मिनिटे. म्हणून माझ्या दृष्टीने लहान संमेलनांचे मोल अधिक आहे. प्रा. गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श'च्या मेळाव्यांना 'लेखक-वाचक मेळावा' म्हटले. या जोडशब्दातच आपला सगळा घटक सामावला आहे. पूर्व विदर्भातील झाडीबोलीची संमेलने घ्या. ज्या बोलीत शाळेत बोलले तर हसे व्हायचे, त्या बोलीत कथा-कविता छापल्या जाऊ लागल्या. याचे कारण त्या बोलीचे लेखक आणि श्रोते वर्षातून एकदा एका मांडवाखाली येऊ लागले. बोलीचे लिखित रूप ठरवताना कोणता उच्चार कसा लिहायचा, हा प्रश्न तेथे प्रत्यक्ष लेखकांच्या चर्चेतून पुढे सरकतो. भाषाविज्ञानाचा विद्यार्थी म्हणून तुम्ही असे एक तरी संमेलन कानांनी ऐकावे.

आता शेजारच्या लेखकाविषयी. तुमच्या गावात तो असतोच. कोणी प्राथमिक शिक्षक, कोणी बँकेतून निवृत्त झालेल्या बाई, कोणी एस.टी.चे वाहक. प्रकाशकाला स्वतः पैसे देऊन त्याने पुस्तक काढलेले असते आणि उरलेल्या प्रतींचे गठ्ठे पलंगाखाली असतात. प्रकाशन समारंभाला हार, शाल, नारळ होतात. पुस्तक विकत घेणारे हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. बाकीचे 'सप्रेम भेट' या दोन शब्दांची वाट पाहतात. फुकट आलेले पुस्तक घरी गेल्यावर वर्तमानपत्रांच्या रद्दीखाली जाते, हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की त्याला पुरावा देण्याची गरज नाही. दुसरे पुस्तक काढण्याचे धाडस मग तो करीत नाही. अशा रीतीने एखादी चांगली कादंबरी लिहिलीच जात नाही आणि न लिहिलेल्या पुस्तकाची नोंद वाङ्मयेतिहासात होत नसते.

तुम्ही काय करू शकता? पहिली गोष्ट, प्रत विकत घ्या. पैसे देताना संकोचू नका आणि लेखकालाही संकोचू देऊ नका. दुसरी, गावच्या ग्रंथालयात जा. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ अन्वये मान्यता मिळालेली ग्रंथालये खेडोपाडी आहेत. शासनाच्या अनुदानातून ती पुस्तके खरेदी करतात. सभासद वाचकाने एखाद्या पुस्तकाची लेखी मागणी केली, तर ग्रंथपालाला ते घेण्यास आधार मिळतो. वाचकच मागत नाहीत, म्हणून स्थानिक लेखकाचे पुस्तक स्थानिक ग्रंथालयात नसते, ही स्थिती मी अनेक ठिकाणी पाहिली आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. पुस्तक वाचा आणि लेखकाला खरे सांगा. परका समीक्षक कडवट लिहून निघून जातो. तुम्हाला त्या लेखकाची उद्या सकाळी दूध आणताना गाठ पडणार असते. त्यामुळे 'छान आहे' म्हणून सुटका करून घेण्याचा मोह होतो. तो टाळायचा असेल, तर शेरा न देता नेमके दाखवा : अमुक प्रकरणातील सासऱ्याचे बोलणे ऐकू आल्यासारखे वाटले, तमुक ठिकाणी निवेदक शहरी शब्द का वापरतो ते कळले नाही. असे दोन विचारलेले प्रश्न दहा अभिनंदनांच्या फलकांपेक्षा लेखकाच्या अधिक उपयोगी पडतात. पुस्तक अगदीच फसलेले असेल तर? तर समीक्षा लिहू नका, भेटून बोला. साहाय्य करायचे म्हणून वाईट पुस्तकाला चांगले म्हणण्याची सक्ती तुमच्यावर नाही.

आणि तुम्ही स्वतः लिहीत असाल, तर आणखी एक. संमेलनाला जाताना केवळ आपल्या कवितेची वही नेऊ नका. जो येऊ शकला नाही अशा एखाद्या मित्राची चित्रे किंवा कथा पिशवीत असू द्या.

५.८ उपक्रम

पुढील संपर्कसत्रापूर्वी आपल्या तालुक्यात किंवा जवळपास होणारे एक लहान साहित्य संमेलन, लेखक-वाचक मेळावा अथवा ग्रंथप्रदर्शन निवडा. शक्य असेल तर तेथे अर्धा दिवस काम मागून घ्या. नोंदणीच्या टेबलावर बसलात तरी चालेल. एका स्थानिक लेखकाचे पुस्तक विकत घेऊन वाचा आणि त्याविषयी ४०० शब्दांचे टिपण तयार करा. टिपणात पुढील बाबी याव्यात : पुस्तकाच्या भाषेतील दोन बोलीविशेष, आवडलेला एक प्रसंग आणि त्याचे कारण, लेखकाला विचारावासा वाटलेला एक प्रश्न. टिपण अभ्यासकेंद्रावर देण्याआधी त्याची एक प्रत लेखकाला द्या. त्याचे उत्तर आले, तर तेही टिपणाला जोडा.